पास्कूची पाठमोरी सीट

पास्कू गिऱ्हाईक घालवण्यात पटाईत होता. कुडाळ स्टेशनात गाडी लागली की बाकीचे टॅक्सीवाले जिन्याकडे धावायचे, पाहुण्यांच्या हातातल्या बॅगा ओढायचे. हा मात्र आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि येणाऱ्या माणसांच्या तोंडाऐवजी त्यांच्या कडेवर बघायचा. कडेवर मूल दिसलं की त्याचा चेहरा पडायचा, कारण आता भांडण होणार हे त्याला आधीच कळलेलं असायचं.

असं एक भांडण मी स्वतः पाहिलंय. मुंबईचं जोडपं होतं, मूल सात-आठ महिन्यांचं. बाई मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. पास्कू दार धरून उभा राहिला.

"बाय, पोराक घेवन पुढे नको. मागे तेची सीट आसा."

बाईने मागे वळून पाहिलं. मागे लहान मुलाची सीट पट्ट्याने आवळून बसवलेली होती, तिचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे.

"ही तर उलटी लावलीये."

"उलटी नाय. बरोबर आसा."

"अहो, पण त्याला समुद्र कसा दिसणार?"

"समुद्र खंय जाता? मालवणाक पोचल्यार सावकाश दाखवा."

नवऱ्याने विचारलं, नेणार की नाही ते सांगा. पास्कू म्हणाला, "नेतंय. पोर थंय बसलां तर." ते दुसऱ्या टॅक्सीत गेले. मूल पुढेच, आईच्या मांडीवर, काचेवर थापा मारत. त्यांच्या जागी मी बसलो.  अर्ध्या वाटेवर पास्कू म्हणाला, "माका राग येणा नाय रे भाऊ. कंटाळो येता."

मी मालवणच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होतो, आणि पास्कूचं घर शाळेच्या मागच्या वाडीत. किडकिडीत अंग, लांब बाह्यांचा सदरा, मनगटाची बटणं मे महिन्यातसुद्धा लावलेली. गाडीच्या आरशाला जपमाळ, आणि तिच्याशेजारी लिंबू-मिरची. गाडीच्या पहिल्या मालकाने पाडलेली ती रीत याने मोडली नाही, दर शनिवारी नवी आणून बांधायचा. वाटेत खुरूस, म्हणजे क्रूस, आला की छातीला हात लावायचा आणि देऊळ आलं की मान लववायचा. कोणी हटकलं तर म्हणायचा, "रस्तो सगळ्यांचो." इतका सगळ्यांशी जुळवून घेणारा माणूस त्या एका सीटच्या बाबतीत मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

ती सीट त्याला मिळाली दोडामार्गाकडच्या एका कुटुंबाकडून. माणसं परदेशात स्थायिक झालेली, तान्ह्या बाळाला घेऊन महिनाभरासाठी काजूच्या बागेतल्या घरी आली होती. पास्कूच त्यांना फिरवत होता. जाताना त्यांनी नवी कोरी घेतलेली ती सीट, ती कशी बसवायची ते दाखवून, त्याच्याकडेच ठेवली. सोबत एक जाड पुस्तिका होती. तेरा भाषांतली, आणि त्या तेरांत मराठी नव्हती.

ती घेऊन तो माझ्याकडे आला. "भाऊ, तू इंग्लिश जाणतंस. ह्यां माका मराठीत लिवन दी."

एका संध्याकाळचं काम म्हणून मी हो म्हटलं आणि चार दिवस अडकलो. मी लिहायचो, 'डोके व मान यांस आधार मिळतो.' तो विचारायचा, "कित्याक?" मी म्हणायचो, अरे लिहिलंय ना इथे. तो म्हणायचा, "लिवलां म्हणान काय झालां? माका कोणी इचारल्यार काय सांगू?" न कळलेलं एकही वाक्य त्याने पुढे जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी मी चिडून पेन खाली ठेवलं. तो उठला, माझ्या परसातल्या पपईपाशी गेला आणि झाड धरून हलवलं.

"बघ. पपय जड, देठ हिरवो. तान्या पोराची टकली अशीच, आंगाच्या मानान जड. ब्रेक मारल्यार पट्टो आंग धरता. टकली कोण धरता?"

"कोण?"

"कोणी नाय. ती पुढे जाता, आणि मान तितकीशी. पाठमोरां बसयलां तर मागची फळी सगळां एकदम झेलता. पाठ, मान, टकली. लिव आता."

मी लिहिलं. शाळेच्या दाखल्यांवर लिहायचो त्या वळणदार अक्षरात तीन पानं झाली. सीटवर दिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेत मूल बसतंय तोवर त्याला पाठमोरंच ठेवा, घाई करू नका. पट्टा इतका घट्ट हवा की खांद्यापाशी चिमटीत येता कामा नये. पुढच्या सीटवर कधीही नाही. पास्कूने ती पानं लॅमिनेट करून डॅशबोर्डात ठेवली. त्यानंतर कोणी वाद घातला की तो पानं काढायचा आणि म्हणायचा, "बुकात लिवलेलां आसा." बुक म्हणजे माझं अक्षर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं कोणाला वाटू नये.

बाजारात त्याचं नाव पडलं 'उलटो पास्कू'. आणि लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की याचं एखादं मूल अपघातात गेलं असणार. चहाच्या टपरीवर तर तपशीलही तयार होते, घाट कुठला, वळण कुठलं. एकदा मीच त्याला विचारलं, भीत भीत. इतका संतापलेला मी त्याला क्वचितच पाहिला.

"माझो झील पुण्याक आसा. खावन खावन जाडो झालो मेलो. माझ्या घरातला कोणी मरूक नाय. कोणी मरूक व्हया काय, भाऊ? पावसाआधी तू घर शाकारतंस, तेवा तुका कोण इचारता काय, गेल्या वर्सा कोण व्हावान गेलो म्हणान?"

 खरं तर त्याचा मलाही त्रास व्हायचा. लग्नाच्या मांडवाबाहेर, चर्चच्या आवारात, कुठेही लहान मूल घेऊन कोणी गाडीत शिरताना दिसलं की हा हजर. खिडकीतून हात घालून पट्टे ओढून बघायचा, अनोळखी बायकांना मान कशी असते ते समजावायचा. लोक तोंडदेखलं हो हो करायचे आणि वळण आलं की मूल मांडीवर घ्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी. हे त्याला दिसत होतं, तरी तो ओतत राहायचा. मी म्हणायचो, सोड रे. तो म्हणायचा, "तू लिवलंस आणि मी सोडू?"

मग माझी मुलगी मेधा बाळंतपणाला आली. नात झाली, रेवा. पाच महिन्यांनी जावई केदार तिला न्यायला आला. त्याच्या आईवडिलांचं घर नांदगावच्या बाजूला, हायवेपासून आत एका वाडीत. केदारने पुण्याहून येताना सीट आणली होती, दोन्ही बाजूंनी तोंड करता येणारी. मला कोण आनंद झाला. पास्कूची गाडी ठरली. त्याने आदल्या दिवशी येऊन सीट पाठमोरी बसवली, गुडघा रोवून पट्टा आवळला आणि पहिल्यांदाच मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

त्याच दुपारी विहीणबाईंचा फोन आला. "भाऊ, राग मानू नका, पण आमच्या घरची रीत आहे. मूल पहिल्यांदा गावात येतं ते वेशीवरच्या देवाकडे तोंड करून. पाठमोरं आलं तर देवही पाठ फिरवतो म्हणतात. केदार सांगत होता, ती सीट उलटी असते."

मी म्हटलं, वेशीवर गाडी थांबवून मेधा तिला कडेवर घेईल. तर तेही चालत नव्हतं. वेशीवर मूल उतरवायचं नाही, गाडी थांबवायची नाही, सरळ दारात यायचं. केदार याच रीतीने आला होता, त्याचे वडीलही, बैलगाडीतून, आईच्या मांडीवर.

मी पास्कूला सांगितलं. तो जरा वेळ दाढी खाजवत बसला. तो ख्रिस्ती, हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"देवाची रीत आसा तर मोडूची नाय," तो म्हणाला. "मी वेशीपासून रिव्हर्स घेतंय."

"काय?"

"गाडी रिव्हर्सान न्हेतंय, देवळापर्यंत आणि दारापर्यंत. चेडवाचां तोंड मागे, म्हणजे देवाकडे. थांबूक नको, उतरूक नको. देव खूश, सीटय जाग्यार."

आज वाटतं, याच्याइतका सरळ उपाय दुसरा कोणाला सुचला नसता. तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. व्याह्यांच्या गावात माझी लेक पहिल्यांदा तान्हं मूल घेऊन जाणार, आणि गाडी शिरणार ढुंगणाकडून! सगळी वाडी बाहेर येऊन दात काढणार. मी म्हटलं, "पास्कू, लोक हसतील."

"हसूं देत. हसान कोणाची मान मोडणा नाय."

"शेवटची पाच मिनिटं सीट सरळ करूया. हायवे सोडला की."

"आणि त्या पाच मिन्टांत बैल आडवो येतलो तो इचारून येतलो?"

केदार म्हणाला, रस्त्याच्या कडेला उन्हात सीट सोडवण्यात अर्धा तास जाईल, इथूनच सरळ करून नेऊ, एका दिवसाने काय होतंय. पास्कूने माझ्याकडे पाहिलं.  मी म्हटलं, "एका दिवसाचाच तर प्रश्न आहे." त्याने डॅशबोर्डातली पानं काढली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "ह्यां अक्षर कोणाचां?"

मला राग आला. माझ्याच घरात, जावयासमोर, त्याने मला माझ्याच अक्षरात पकडलं होतं. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर दुसरी गाडी बघतो. "बघ," तो म्हणाला, सीट सोडवून पडवीवर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने निघालो. सीट सरळ, रेवा पुढे तोंड करून, आणि खोटं कशाला बोलू, छान दिसत होती. हायवेला लागून थोडं पुढे गेलो आणि एक टेम्पो न बघता आडवा आला. आमच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. धडक झाली नाही. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण रेवाची मान मी पुढे जाताना पाहिली. अंग पट्ट्यात जिथल्या तिथे, आणि डोकं पुढे जाऊन छातीवर आपटून परत आलं. ती एकदाच रडली आणि गप्प झाली. मी ड्रायव्हरला म्हटलं, आधी दवाखाना गाठ.

कणकवलीत एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं.  शेवटी डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, नशीब, दोन दिवस लक्ष ठेवा. आणि मग त्यांनी विचारलं, सीट कुठल्या बाजूला तोंड करून होती? केदारने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

उरलेली वाट मेधाने सीट पाठमोरी करून घेतली. कोणाला विचारलं नाही. म्हणजे ज्या देवासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्या समोरून माझी नात शेवटी पाठमोरीच गेली. विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीला उचलून घेतलं, आणि तिचं तोंड कुठे होतं ते विचारायचं त्यांनाही सुचलं नाही. उशीर का झाला, तर गाडी बिघडली, असं मी सांगितलं.

परत आलो त्या सकाळी पास्कू फाटकात उभा. "चेडू बरां पोचलां मां?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "मजेत पोचली," मी म्हटलं. "सरळ बसवली होती. काहीसुद्धा झालं नाही."

"बरां झालां," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग तो वळून गेला.

फाटकाशी बोललेलं फाटकाशी राहत नाही. आठवड्याभरात टॅक्सीस्टँडवर झालं, "जेणा बुक लिवल्यान, तेणाच आपली नात सरळ बसवन व्हरल्यान." पास्कूने पानं काढली की दुसरा ड्रायव्हर गिऱ्हाइकाला हसत हसत हे सांगायचा, आणि गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकून मूल मांडीवर घ्यायचं. तीन वर्षं हे चाललं. पास्कूने त्याबद्दल मला एकदाही बोल लावला नाही. भेटला की रेवाची चौकशी करायचा, आणि मी म्हणायचो, मजेत.

या वर्षी मेधाला दुसरं मूल झालं, मुलगा. रीत तीच, वेस तीच. या खेपेला मेधाने मला बसवून सांगितलं, "बाबा, पास्कूकाकांकडे जा. आणि आधी खरं सांगा."

पास्कूची अर्धी नजर तोवर गेली होती, काचबिंदूने. गाडी विकून झाली होती. मी गेलो तेव्हा तो अंगणात बसून करवतीने ती जुनी सीट कापत होता. शेजारचा बिचारा मागायला आला होता, त्याला हाकलून दिलं म्हणे. "मुदत संपली तेची," मला म्हणाला. "संपल्यार तोडून टाकूची, कोणी वापरूक नको. बुकात लिवलेलां आसा."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टेम्पो, मान, दवाखाना, फाटकातलं खोटं. करवत थांबली.

"तीन वर्सां ह्यां पोटात ठेवलंस?"

"हो."

"चेडू वाचलां, तां देवान केल्यान. पण तुझ्या नावार किती पोरां सरळ बसान गेली रे, भाऊ? तेंका कोणाक काय झालां, तुका म्हायती आसा? माका म्हायती आसा?"

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तो उठून आत गेला. मला वाटलं, संपलं. पण तो सदऱ्याच्या बाह्यांची बटणं लावत बाहेर आला. "चल. सीट दाखव."

केदारच्या नव्या मोठ्या गाडीत आता दोन सीटा होत्या. तान्ह्याची त्याने हाताने चाचपून बसवली, पट्टा चिमटीत येतो का ते पाच वेळा पाहिलं. रेवासमोर मात्र तिची उंची विचारली, वजन विचारलं, आणि म्हणाला, "हिचो टाइम झालो. ही आता सरळ बसात." उलटो पास्कू स्वतःच्या तोंडाने हे बोलला हे स्टँडवर जाऊन सांगावंसं मला वाटलं. विहीणबाईंना मेधाने फोनवर सगळं खरं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "रिव्हर्स घ्या. पण गाडी थांबवू नका."

त्यानंतर महिन्याभरात मुलगा येऊन पास्कूला पुण्याला घेऊन गेला. तिथे गेल्यावर तो फार दिवस जगला नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्याचं शेवटचं म्हणून आहे ते त्या दुपारचंच.

वेशीच्या अलीकडे केदारने गाडी वळवली. आमच्याबरोबर आलेला पास्कू उतरला, म्हणून मीही उतरलो. केदारला रिव्हर्सचा सराव बेताचाच, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. पास्कू गाडीच्या मागे गेला, चार पावलांचं अंतर ठेवून गाडीकडे तोंड केलं आणि उलटा चालायला लागला, दोन्ही हातांनी बोलावत. "येऊं दे. येऊं दे. डावी घे रे मेल्या. येऊं दे." जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना सांभाळून बसवणारा हा माणूस, अर्धी नजर गेलेली, चालत्या गाडीच्या मागे पाठीमागे न बघता चालत होता. मला इतका राग आला की मी त्याचा दंड धरायला गेलो. त्याने हात झटकला.

वाडी बाहेर आली होती. हसत होती, व्हायचं तसं. विहीणबाई देवळापाशी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. पास्कू उलटा चालत त्यांच्याजवळ पोचला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पास्कूकाका, देवाकडे पाठ झाली तुमची."

"देवाक दिसता मी काय करतंय तां," तो म्हणाला. "तुमी पोराक बघा."

मागच्या काचेतून टोपरं घातलेलं पोराचं तोंड दिसत होतं, डोळे टक्क उघडे. समोर देऊळ होतं, पण देवळाच्या आणि त्याच्या मधे पास्कू होता. गावात येताना माझ्या नातवाने पहिलं काय पाहिलं असेल तर ती दोन्ही हातांनी बोलावणारी, लांब बाह्यांची माणसाची आकृती. मी त्याच्या बाजूने चालत होतो, मागे दगड आला तर सांगायला.

"पास्कू, दगड आहे."

"माका नको बघू," तो म्हणाला. "पट्टो बघ."